एका भांड्यातले दोन गोफ

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पितळेच्या भांड्यात रिठे भिजत पडायचे. दुपारपर्यंत पाण्याला फेस यायचा आणि त्याचा तो कडवट, थोडा तुरट वास स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीपर्यंत पसरायचा. मग आई बँकेच्या लॉकरमधून आणलेली पुरचुंडी सोडायची आणि शेजारच्या दोन खोल्यांतून काकू आपली पुरचुंडी घेऊन यायची. दोघींचे दागिने त्या एकाच भांड्यात पडायचे. बांगड्या, टीक, मण्यांची पोत, आणि सगळ्यात शेवटी दोघींचे दोन गोफ. वेणीसारखे घट्ट विणलेले, बोटाएवढे जाड, दोन्ही अगदी सारखे. माझ्या आजोबांनी दोन सुनांत डावं-उजवं नको म्हणून इतवारी बाजारातल्या एकाच सराफाकडून, एकाच वजनाचे करून घेतले होते. आईचा गोफ ज्येष्ठेच्या गळ्यात आणि काकूचा कनिष्ठेच्या, ही आमच्या घरची रीत होती. तिसऱ्या दिवशी देवी हलवल्या की थोरलीनं ज्येष्ठेच्या अंगावरचं उतरवायचं, धाकटीनं कनिष्ठेच्या. ज्याचं त्याचं.

काकू आषाढात गेली. तिच्या पिढीतलं ते शेवटचं माणूस. तेव्हापासून मी रोज थोडं थोडं लिहिते आहे. एक परिच्छेद झाला की थांबते, चहा करते, पुन्हा वाचते. आयुष्यभर ग्रंथालयात इतरांची पुस्तकं लावली, त्यामुळे स्वतःचं काही मांडायला बसलं की हात जड होतो. पण त्या भांड्याबद्दल आता मला सोडून कुणाला माहीत नाही.

आमचं घर संशयी होतं. हे मी तक्रारीनं सांगत नाही, काही घरं गाणारी असतात तसं आमचं संशयी होतं. बाबा सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात इतरांची बिलं तपासायचे आणि संध्याकाळी तीच नजर घेऊन घरी यायचे. दूधवाल्याच्या मापात बोट घालून ते तळ चेपलेला नाही ना हे पाहायचे. गॅसचं सिलिंडर आलं की दोन्ही हातांनी उचलून, डोळे मिटून क्षणभर उभे राहायचे, जणू ते आतून काही बोलणार आहे. आई तेलाच्या डब्यात नाक घालायची. जवसाचं तेल मिसळलंय असं तिचं ठाम मत असायचं, दुकान बदललं तरी मत बदलायचं नाही. मोलकरीण भांडी घासून गेली की चमचे मोजले जायचे आणि ते पूर्ण भरले तर आई समाधानी होण्याऐवजी म्हणायची, "आज भरले."

भिंतीपलीकडे काकूच्या दोन खोल्या. तिथला आवाजच वेगळा होता. काका हिंगण्याच्या कारखान्यात होते, पहाटे कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की ते एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन पळायचे, आणि काकू दारातून ओरडायची, "अवो, चप्पल पायात घालायची असते!" मग ती एकटीच हसायची, भिंतीतून ऐकू यायचं. तिच्या गोळाभातावर तेल इतकं असायचं की ताटाच्या कडेला ओघळ यायचा. कोथिंबिरीची पुडाची वडी केली की पहिला घाणा आमच्याकडे. आई ती वडी मोडून आत पाहायची. चांगली असायची. मग खायची. काकूचा मुलगा सुनील माझ्याहून खूप लहान, त्या वेळी रांगत होता. मी कॉलेजात होते आणि माझा बराच वेळ पुस्तक घेऊन त्या दोन स्वयंपाकघरांमधल्या ओसरीत जायचा.

बाबांचा बचतीचा एक सिद्धान्त होता आणि तो ते पाहुण्यांना न विचारता सांगायचे. घर चार खांबांवर उभं असावं: भविष्यनिर्वाह निधी, विमा, पोस्टाची सर्टिफिकेटं आणि सोनं. पहिल्या तीन खांबांचे कागद त्यांच्या कपाटात होते, ते कधीही काढून पाहता यायचे. चौथा आईच्या नावचा. "सोन्याले व्याज नाही," ते म्हणायचे, "पण सरकार बदललं तरी ते सोनंच राहते." त्यावर आई म्हणायची, "व्याज नाही म्हणून तं टिकलं. व्याज असतं तं तुम्ही मोडलं असतं."

आता सुनील मला सांगतो, "मंदाताई, सोनं ठेवावं, पण घरात कशाला? कागदावर घ्या, मोबाइलवर दिसते, चोर नाही, घडणावळ नाही." त्याचं बरोबर असेल. माझ्या थोड्या पैशांचं मी तसं केलंही आहे. पण मोबाइलमधल्या सोन्याला रिठ्याचा वास येत नाही, आणि ते कुणाच्या गळ्यातून उतरवायचं हा प्रश्नही पडत नाही.

आई आपल्या गोफाच्या फाशाला, मानेमागच्या आकड्याला, लाल दोरा बांधून ठेवायची. तिची खास गाठ होती, दुहेरी, टोकं आत खुपसलेली. लॉकरमधून गोफ आणला की पहिल्यांदा ती गाठ शाबूत आहे का पाहायची. पण देवीच्या अंगावर वापरलेला दोरा चालत नाही, म्हणून भांड्यात टाकण्यापूर्वी ती दोरा कापायची आणि तिसऱ्या दिवशी गोफ उतरवून घेतल्यावर नवा बांधायची. वर्षाचे तीनशेसाठ दिवस जी खूण ती डोळ्यांत तेल घालून जपायची, तीच ती स्वतःच्या हातानं नेमकी त्या घडीला कापायची जेव्हा दोन्ही गोफ एका पाण्यात पडणार असत. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. इतकी तपासणी करणारं घर, आणि सोवळ्यापुढे कुणाला काही सुचलं नाही. काकू कधी दोरा बांधायची नाही. "मले आपली वस्तू ओळखू येते," म्हणायची, आणि फेसात हात घालून जो हाताला लागेल तो गोफ वर काढायची. "हा तुमचा घ्या, जाऊबाई." "काहून? हाच माझा कशावरून?" "बरं मग हा घ्या. सारखेच तं आहेत, बापा!"

त्या वर्षी थंडीत काकांनी बातमी आणली. मनीषनगरकडे शेतं मोडून प्लॉट पडत होते. आता तिथे फ्लॅट आहेत, मिठाईची दुकानं आहेत. तेव्हा बाभळी होत्या आणि लोक म्हणायचे तिकडे राहायला कोण जाईल. काकांचं म्हणणं होतं की दोघा भावांनी एक मोठा प्लॉट घ्यावा, मधोमध भिंत घालावी आणि दोन घरं बांधावी. बाबा पोस्टाला हात लावायला तयार नव्हते. तेव्हा आई, जी भावाभावांच्या बोलण्यात कधी पडायची नाही, ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "माझा गोफ मोडा." बाबांनी वर पाहिलं. "पण मग आपला अर्धा प्लॉट माझ्या नावावर. सोनं माझं, तं जमीन माझी." काका मोठ्यानं हसले, "वहिनी, तुम्ही तं वकील निघाल्या!" आणि काकू भिंतीपलीकडून ओरडली, "बरोबर बोलून राहिल्या त्या! माझंही नाव लावा!"

मी आईला त्यानंतरचे काही दिवस जसं पाहिलं तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. ती ओसरीत बसून काडीनं मातीवर खोल्या काढायची. देवघर इथे, मोरी तिथे, तुझी पुस्तकं या भिंतीला, मंदे. भाड्याच्या घरात तिचा जन्म झाला होता आणि भाड्याच्या घरातच ती सून म्हणून आली होती. घरमालकाचा माणूस दर महिन्याला येऊन खिळे कुठे ठोकले ते पाहायचा.

इतवारीत आम्ही तिघं गेलो. गोफ करणारा सराफ केव्हाच वारला होता, मुलं दुकान मोडून रायपूरकडे गेली होती, म्हणून बाबांनी चार दुकानं पाहून एक निवडलं. सराफ पांढऱ्या गादीवर बसलेला, समोर काळा कसाचा दगड, छोटा तराजू, काचेच्या बुचाच्या बाटल्या. आईनं दोरा कापून गोफ त्याच्या हातात दिला. त्यानं तो तळहातावर घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग दगडावर घासला, रेघ पाहिली, आणि तरीही कानस उचलली.

"कानस कायले?" बाबा म्हणाले.

"साहेब, वरचं सोनं आहे. आतलं पाहू द्या."

त्यानं फाशाजवळच्या एका पेडाला कानशीनं खाच पाडली आणि बाटलीतला थेंब सोडला. थेंबाला हिरवा फेस आला. आई त्या फेसाकडे वाकून पाहत होती. तिला वाटलं ते चांगलं लक्षण आहे. "झालं काय?" तिनं विचारलं. सराफानं गोफ फडक्यानं पुसून गादीच्या आमच्या बाजूला ठेवला. "बाई, आत तांबं आहे. वरून सोन्याचा पत्रा चढवलाय, काम चांगलं आहे. कोणी केलं?"

कोणी केलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात दुसरा प्रश्न नव्हता.

घरी येऊन बाबांनी बूटही न काढता आईला विचारलं, "लॉकरची किल्ली कोणाजवळ असते?"

"तुम्हाले माहीत आहे कोणाजवळ असते."

"अक्षय्य तृतीयेले तुझा भाऊ आला होता. दोन दिवस राहिला."

आई जिथं होती तिथं बसली. "माझ्या भावाचं नाव काढाल तं मी या घरात पाणी पिणार नाही," ती म्हणाली, अगदी हळू. मी मध्ये काही बोलले असेन, आठवत नाही. एवढं आठवतं की बाबा माझ्याकडेही त्याच नजरेनं पाहून गेले, दुधाचं माप पाहायचे तसे. मग आईचं डोकं वर आलं. तिची नजर ओट्याखाली पालथ्या घातलेल्या पितळेच्या भांड्यावर होती. "दोघींचे एकाच पाण्यात धुतो आपण," ती म्हणाली. "दोरा मीच कापते."

काका कामावरून आले तेव्हा त्यांना आत बोलावलं. काकू कडेवर सुनीलला घेऊन आली आणि ऐकताच हसली, कारण तिला ती गंमत वाटली. "खोटा? मामंजींनी दिलेला? मग आमचा पाहून घ्या ना!" तिला वाटलं असणार की दोन्ही खोटे निघतील आणि सगळे मिळून त्या मेलेल्या सराफाला शिव्या देतील. दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ तिचा गोफ घेऊन त्याच दुकानात गेले. तिचा अस्सल निघाला. सराफाला कानस लावायचीही गरज पडली नाही.

त्या संध्याकाळचं भांडण ओसरीत झालं, दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधोमध. बाबांनी एवढंच म्हटलं होतं की विचार करायला हवा. काका उखडले. "कशाचा विचार, दादा? तुम्ही आमच्या घराची तपासणी करून राहिले काय? हे तुमचं ऑफिस नाही!"

"मी कोणावर आळ घेत नाही."

"आळ नाही तं काय आहे? आमचा खरा निघाला म्हणून आम्ही चोर? अन् उलटं झालं असतं, तं मी तुमच्या दारात येऊन उभा राहिलो असतो काय?"

आजवर मी कितीदा तो हिशोब मांडून पाहिला आहे. खोटा गोफ मुळातच सराफानं दिलेला असू शकतो. नंतर कुणी बदलला असेल, तर तो कुणीही बदलला असेल, या घरातल्यानं किंवा त्या. आणि दरवर्षी त्या फेसात दोन्हींची अदलाबदल होत आली असेल, तर खोटा गोफ मुळात कुणाचा होता हे विचारण्यालाच अर्थ उरत नाही. तो एक वर्ष आमच्या लॉकरमध्ये झोपला असेल, एक वर्ष त्यांच्या. पण हे आता सुचतं. तेव्हा जो तो आपापलं आठवू लागला होता. आईला आठवलं की मागच्या वर्षी गोफ हाताला हलका लागला होता. बाबांना आठवलं की धाकट्यानं नवं घड्याळ घेतलं. काका म्हणे कुणाजवळ तरी बोलले की दादाच्या मेव्हण्याचं दुकान बुडालं होतं.

मग काकांनी मनीषनगरचा अर्धा प्लॉट एकट्यानं घेतला, कारखान्याच्या सोसायटीचं कर्ज काढून. उरलेला अर्धा कुणा परक्यानं घेतला. "सोसायटीचं कर्ज म्हणे," आई म्हणायची, आणि त्या 'म्हणे'त सगळं असायचं. ओसरीतल्या मातीवर काढलेल्या तिच्या खोल्या मोलकरणीनं झाडून टाकल्या. वर्ष संपायच्या आत काका-काकू तिकडे दोन खोल्या बांधून निघून गेले. सकाळचा बसचा हॉर्न बंद झाला. मला वाटलं होतं की त्या आवाजाविना झोप चांगली लागेल.

त्या साली महालक्ष्म्यांना ते येणार की नाही हे शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. आईनं रिठे भिजत घातले. देवींच्या धडाच्या कोठ्यांवर साड्या नेसवल्या, मुखवटे पुसून ठेवले, करंज्या आणि वेण्याफण्यांचा फुलोरा वर टांगला. देवीचा गळा रिकामा ठेवायचा नाही म्हणून तिनं तो तांब्याचा गोफच भांड्याजवळ काढून ठेवला; त्याला दोरा नव्हता, गरजच नव्हती, खाच होती. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. काका फाटकाशीच घुटमळले. काकू सरळ आत आली, पाय धुतले, पदर खोचला आणि कमरेची पुरचुंडी सोडून आपला गोफ रिठ्याच्या पाण्यात टाकला. आईचा उचलून तोही टाकला. दोघी भांड्याच्या दोन बाजूंना बसल्या. चार हात एका फेसात. मी पाटावर तांदूळ मांडत होते आणि माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा सांडत होते.

काकूनं दोन्ही गोफ वर काढले, कोरड्या फडक्यानं पुसले. फाशाजवळची खाच तिला दिसली नसेल असं होऊच शकत नाही, ती अंगठ्यानं तिथे थांबली होती. मग ती उठली, अस्सल गोफ तिनं ज्येष्ठेच्या गळ्यात घातला आणि खाचेचा कनिष्ठेच्या. मागे सरकून डोकं तिरपं करून पाहिलं, साडीची निरी सारखी केली, आणि म्हणाली, "आंबील कोणी लावली वं, मंदे? गुठळ्या दिसून राहिल्या."

त्या तीन दिवसांत घरात जेवणारे खूप होते. पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची भाजी, कढी. बायका येऊन ओटी भरून जात होत्या आणि दोन्ही देवी सारख्याच झळकत होत्या. मी मात्र आईकडे पाहत होते. ती वाढता वाढता थांबायची, ज्येष्ठेच्या गळ्याकडे पाहायची, मग काकूकडे. तिसऱ्या दिवशी आरती झाली, अक्षता टाकून देवी हलवल्या. थोरलीनं पुढे व्हायचं. आईचा हात ज्येष्ठेच्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"हा तुझा आहे, कुसुम."

"देवीच्या अंगावरचं ज्याचं त्याचं, जाऊबाई," काकू म्हणाली. तोवर तिनं खाचेचा गोफ उतरवून आपल्या गळ्यात घातलाही होता. "चला, भांडी पडली आहेत."

आईनं तो गोफ घेतला. त्याच आठवड्यात ती एकटी इतवारीत जाऊन तपासून आली, आणि मग त्याला लाल दोरा बांधला, दुहेरी गाठीचा. मला वाटलं होतं की आता ती रडेल किंवा मनीषनगरला जाईल. ती म्हणाली, "पाहिलं? उगाच कोणी सोनं देते काय? मन खात होतं तिचं." बाबा मान हलवून म्हणाले, "कबुलीच आहे ही एक प्रकारची." आणि ते वर्तमानपत्र वाचू लागले. काकूनं जे केलं त्यानं संशय मिटायला हवा होता, त्यानं तो पक्का झाला. पुढे जाणं-येणं चालू राहिलं, सणवार झाले, पण आई काकूच्या घरची वडी आता मोडून पाहायची आणि खायची नाही, झाकून ठेवायची. तो गोफ मोडून तिनं जमीन घेतली नाही. लॉकरमध्ये ठेवला. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही फ्लॅट घेतला, तो बाबांच्या नावावर.

काकूनं मात्र तो तांब्याचा गोफ मिरवला. लग्नांत, मुंजींत, महालक्ष्म्यांना. दरवर्षी तो ती आमच्या भांड्यात टाकायची आणि कनिष्ठेच्या गळ्यात घालायची. आईबाबा गेल्यावर, आमच्याकडे मुलगा नाही म्हणून मुखवटे आणि कोठ्या मनीषनगरला सुनीलकडे गेल्या. मी आईचा गोफ घेऊन दर भाद्रपदात तिकडे जाऊ लागले. ज्येष्ठेच्या बाजूला मी उभी राहायची.

एकदा, काकूचे गुडघे गेले होते आणि ती खुर्चीवर बसून वाती वळत होती, तेव्हा मी तिला विचारलं होतं. "काकू, तू तो गोफ काहून दिला होता गं आईले?"

तिनं वात पूर्ण केली. "तुझ्या आईले झोप लागत नव्हती," ती म्हणाली. "मले लागत होती."

खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या मनात आलं होतं की हे उत्तर नव्हे, बगल आहे. मी त्याच घरात वाढले आहे.

तेराव्यानंतर सुनीलनं मला आतल्या खोलीत बोलावलं. वर्षा, त्याची बायको, दारात उभी होती. त्यानं एक पांढरी पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. सोडून पाहिली. खाचेचा गोफ. आणि फाशाला लाल दोरा, दुहेरी गाठ, टोकं आत खुपसलेली. जिनं जन्मात कधी दोरा बांधला नाही, तिनं आईची गाठ कुठे पाहून शिकून घेतली कोण जाणे. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की खाच झाकायला बांधला असेल.

"आईनं सांगून ठेवलं होतं," सुनील म्हणाला. "हा जाऊबाईंचा आहे, माझ्याजवळ फक्त ठेवायले होता, मंदीले द्यायचा. तुमचाच आहे, ताई."

"तू तपासलास काय?" माझ्या तोंडून गेलं.

"काय तपासायचं?" तो गोंधळला. "आईनं सांगितलं ना."

वर्षाच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं, फार निरखून पाहिलं, लाज वाटावी इतकं. तिथं काही नव्हतं. थोडी हळहळ होती, असायचीच. आजच्या भावात एवढं सोनं घरातून जात होतं, असं त्या दोघांना वाटत होतं. तरी ते देत होते. मी पुरचुंडी बांधली आणि पिशवीत ठेवली. त्या रात्री माझ्या टेबलावर दोन्ही गोफ होते आणि दोघांना एकाच गाठीचे लाल दोरे.

कुणी गेल्यावर वर्ष होईपर्यंत सण करत नाहीत, पण महालक्ष्म्या चुकवत नाहीत. या भाद्रपदात वर्षानं बेतानंच सगळं केलं, फुलोरा लहान, जेवायला घरचेच. मी दोन्ही गोफ घेऊन गेले. दोन्ही दोरे मीच कापले. रिठ्याच्या पाण्यात हात घातला तेव्हा पाणी कोमट होतं, आणि क्षणभर मी डोळे मिटून नुसतं बोटांनी ओळखायचा प्रयत्न केला, कुठला कुठला. नाही ओळखता आलं. खाचेवर अंगठा गेला तेव्हा कळलं. अस्सल गोफ मी कनिष्ठेच्या गळ्यात घातला.

"ताई, दोन्ही तुमचेच आहेत आता," वर्षा म्हणाली. "कुठलाही कुठंही घाला."

तिसऱ्या दिवशी देवी हलवल्या. मी पुढे होऊन ज्येष्ठेच्या गळ्यातला गोफ उतरवला आणि माझ्या गळ्यात घातला. वर्षा तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "कनिष्ठेचा धाकटीनं उतरवायचा असतो, वर्षा."

"पण आईंनी तं तो तुम्हाले..."

"देवीच्या अंगावरचं ज्याचं त्याचं."

तिनं सुनीलकडे पाहिलं. सुनील माझ्याकडे पाहत राहिला. त्याला काही समजलं असेल तर ते त्यानं दाखवलं नाही. वर्षानं गोफ उतरवला आणि हातात घेतल्यावर तिचा हात किंचित खाली गेला, वजनानं. "भारी आहे," ती म्हणाली.

परतताना सहा आसनी ऑटोत माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. वर्धा रोडला लागेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे पाहत होती. शेवटी तिला राहवेना. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मावशी, तेवढं आत घ्या ना. असं उघडं सोनं घालून फिरून राहिल्या! कोणाचा भरोसा आहे आजकाल?"

"खरं आहे बाई," मी म्हटलं, आणि पदर ओढून गोफ नीट झाकून घेतला.